टेकडीवरची अभ्यासवस्ती

गोरेगाव पूर्वेला उतरून चित्रनगरीकडची बस धरली, की द्रुतगती महामार्ग मागे पडल्यावर रस्ता चढणीला लागतो. जनरल अरुणकुमार वैद्य यांचं नाव असलेल्या या रस्त्यावर संतोषनगरची दाटी आहे, आणि तिथल्याच एका फाटकाआड, हिरव्या उतारावर, एक लहानसं निवासी विद्यापीठ आहे : इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था.

देशाच्या विकासाचा अभ्यास करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ही संस्था स्थापन केली आणि आजही तिचा खर्च बँकच उचलते. २८ डिसेंबर १९८७ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. इमारतींचा आराखडा वास्तुकार उत्तम जैन यांचा. संस्थापक संचालक किरीट पारिख मूळचे अभियंते. गरिबी, पाणी, ऊर्जा हे प्रश्न एकट्या अर्थशास्त्राने सुटणारे नाहीत, ही जाण इथे पहिल्यापासून होती. म्हणूनच १९९० मध्ये पीएच.डी. सुरू झाली, तेव्हा वेगवेगळ्या विद्याशाखांच्या मुलांना दार उघडं ठेवलं गेलं. १९९५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. २००३ पासून अर्थशास्त्राची एम.एस्सी.ही शिकवली जाते.

मुंबईतल्या बहुतेक कॉलेजांत शेवटचा तास संपला, की पोरं लोकलकडे धावतात. वर्गात पेटलेला वाद प्लॅटफॉर्मवर विझतो. इथे तो मेसच्या टेबलावर येतो, ग्रंथालयात जातो आणि रात्री वसतिगृहाच्या खोलीत पुन्हा सुरू होतो. तुकड्या लहान, मुलं देशभरातून आलेली. त्यामुळे आकडेवारीतलं एखादं राज्य शेजारच्या खोलीत राहत असतं. दुष्काळावर वाचताना दुष्काळी गावाहून आलेल्या मित्राला विचारता येतं. निवासी शिक्षणाची खरी कमाई हीच.

आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं, की विषय समोरच उभा असतो. एका अंगाला आरेचं जंगल आणि तिथले बिबटे, दुसऱ्या अंगाला घरांवर घरं चढलेली वस्ती. जवळच नागरी निवारा. सामान्यांना परवडणारी घरं मिळावीत म्हणून मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झगडून उभी केलेली ही वसाहत. जमीन कुणाची, पाणी कुणाला, जंगल किती राखायचं, या प्रश्नांची उत्तरं गोरेगावकर रोजच्या जगण्यात शोधतात.

टेकडीवरच्या मुलांनी त्यासाठी पायीच खाली उतरावं. वस्तीतल्या नळाची वेळ ठाऊक असलेला संशोधक पाण्याच्या धोरणावर अधिक जबाबदारीने लिहील.