पेचाचा पतंग कसा निवडावा

संक्रांत जवळ आली की शहागंजातील गच्च्यांवर मुलांची गर्दी होऊ लागते, आणि पतंग कोणता घ्यावा हा प्रश्न घरोघरी निघतो. मुले रंग पाहतात. जाणता खेळाडू आधी कामट्या पाहतो. असे का, तेच आज थोडक्यात सांगावयाचे आहे.

पतंगास दोन कामट्या असतात : एक उभा कणा व दुसरी आडवी कमान. पेचाच्या पतंगाला शेपटी नसते. दोरा सैल सोडला की तो सपाट होऊन गिरक्या घेतो. दोरा ताणला की कमान मागे वाकते, आणि टोक ज्या दिशेस असेल तिकडे तो सरळ धावतो. म्हणजे पतंगाचे सुकाणू कमानीत आहे. यास्तव कमान दोन्ही अंगांनी सारखी वाकते की नाही, हे पाहूनच पैसे द्यावेत. मग कण्याची दोन टोके बोटांवर ठेवून पतंग तोलावा. हलकी ठरेल त्या बाजूस कागदाचा लहानसा तुकडा चिकटवावा. मंद वाऱ्यास मोठा, हलका पतंग घ्यावा. जोराच्या वाऱ्यास लहान व ताठ कमानीचा. अशा वाऱ्यात कन्नीचा खालचा धागा वरच्याहून किंचित लांब ठेवावा, म्हणजे पतंग भिरभिरत नाही.

आता पेच. दोन दोरे एकमेकांवर घासतात, तेव्हा वेगाने सरकणाऱ्या दोऱ्याची झीज त्याच्या लांबीभर वाटली जाते. स्थिर दोऱ्याची मात्र एकाच बिंदूवर होते, आणि तो तुटतो. म्हणून ढील असो वा खेच, जय वेगाचा असतो. आणि हा वेग चांगल्या पतंगावाचून साधत नाही.

ही गोष्ट ज्यास उमगली, त्यास नायलॉनच्या मांजाचा मोह पडू नये. तो सहसा तुटत नाही व कुजतही नाही. झाडावर अडकला तर पाखरांचे पंख कापतो, रस्त्यावर आडवा आला तर दुचाकीस्वाराचा गळा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली देशभर त्यावर बंदी घातली, ती याचसाठी. सुती दोऱ्याने पेच जिंकण्यात कौशल्य आहे. नायलॉनने जिंकण्यात केवळ दोऱ्याचा जोर.

तेव्हा पालकांनी पतंग पारखून द्यावा, आणि चक्रीवर कोणता दोरा गुंडाळला आहे हेही स्वतः पाहावे. गच्चीवरच्या खेळाची किंमत खालून जाणाऱ्या वाटसरूने का द्यावी?