बोर्डाच्या कोपऱ्यातला आकडा

वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. अकोल्यातून वेगळे निघालेले सहा तालुके, नवी कार्यालये आणि त्यांच्या पाठोपाठ आलेले संगणक, असा तो काळ. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाला आणि तालुक्याच्या गावांतही संगणकाचे वर्ग निघाले. मी दुरुस्ती शिकलो ती त्याच दिवसांत. तेव्हापासून आजवर किती मदरबोर्ड हाताखालून गेले याची मोजदाद नाही. पण मागे वळून पाहिले की एक चूक पुन्हा पुन्हा दिसते, माझीही आणि गिऱ्हाइकांचीही. आम्ही बोर्डाच्या नावावर विश्वास ठेवला आणि त्याच्या कोपऱ्यात छापलेला आकडा वाचला नाही.

हा आकडा म्हणजे रिव्हिजन. एकाच नावाचा बोर्ड कंपनी दोन-तीन वर्षे विकते, पण तेवढ्या काळात तो आतून तसाच राहतो असे नाही. एखादी चिप मिळेनाशी होते, प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग बदलतो, लॅनची किंवा आवाजाची चिप दुसरी येते. नाव तेच राहते, आकडा तेवढा पुढे सरकतो. गिगाबाइटच्या बोर्डावर तो एका कोपऱ्यात ‘रेव्ह’ या अक्षरांपुढे छापलेला असतो. त्यांच्या जीए-७८एलएमटी-यूएसबी३ या एकाच बोर्डाच्या ४.१, ५.० आणि ६.० अशा रिव्हिजन निघाल्या. कंपनी प्रत्येक रिव्हिजनची बायोस फाइल आणि चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी वेगळी देते. एकीची बायोस दुसरीवर मारली तर चालता बोर्ड मरू शकतो.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. सोयाबीनच्या पिशवीवर जेएस ३३५ असे वाणाचे नाव असले तरी तो लॉट नंबर पाहतो. पिशवी, टॅग आणि पावती जपून ठेवतो. वाण एक असले तरी प्रत्येक लॉट सारखा उगवत नाही, हे त्याला दुबार पेरणीने शिकवलेले असते.

पहिली दहा वर्षे या रिव्हिजनचा त्रास गिऱ्हाइकापर्यंत पोचत नसे. बोर्ड घ्यायचा तर एसटीने किंवा त्या वेळच्या मीटरगेजच्या गाडीने अकोला गाठायचे. दुकानदार काउंटरवरच प्रोसेसर बसवायचा, रॅम लावायचा आणि डिस्प्ले आला की मग पैसे घ्यायचा. जुलै २००६ मध्ये इंटेलचा कोअर २ ड्युओ आला तेव्हा या पद्धतीची किंमत कळली. सॉकेट जुनेच, ७७५ चे. प्रोसेसर जुन्या बोर्डात नीट बसायचा, पण त्याला हवा तसा वीजपुरवठा अनेक जुन्या बोर्डांना जमत नसे. इंटेलच्याच डी९७५एक्सबीएक्स बोर्डावर चिकटवलेल्या एए क्रमांकाच्या शेवटी ३०४ किंवा त्यापुढचा आकडा असेल तर कोअर २ ड्युओ चालायचा, त्याआधीचा असेल तर नाही. एकदा काउंटरवर माझ्यासमोर डिस्प्ले आला नाही. दुकानदाराने स्टिकर पाहिले, म्हणाला, “बोर्ड तं तोच हाय भाऊ, पण याची रिव्हिजन वायली हाय,” आणि आतून दुसरा काढून दिला. पाच मिनिटांत विषय संपला.

२०११ मध्ये हा आकडा एकदाच सगळ्यांच्या तोंडी आला. त्या वर्षी ३१ जानेवारीला इंटेलने जाहीर केले की सहाव्या मालिकेच्या चिपसेटमध्ये दोष आहे आणि हार्डडिस्क जोडायचे काही साटा पोर्ट काळाच्या ओघात कमकुवत होतील. दुरुस्ती आणि बदलून देण्याचा खर्च इंटेलने ७० कोटी डॉलर धरला होता. सुधारलेल्या चिपसेटचे नाव बी३. मग बोर्डांच्या पेट्यांवर ‘बी३’ असे ठळक स्टिकर झळकू लागले आणि गिऱ्हाईक ते मागून घेऊ लागले. कंपन्यांनी मनावर घेतले तर आतला बदल बाहेर मोठ्या अक्षरांत छापता येतो, हे त्या वर्षी सिद्ध झाले. पुढे ते कोणी पाळले नाही.

जून २०१३ मध्ये अॅमेझॉन भारतात आले. फ्लिपकार्ट आधीपासून होतेच. हळूहळू रिसोड, मानोऱ्यापर्यंत पार्सल येऊ लागले आणि अकोल्याची फेरी वाचली. भाव कमी, निवड मोठी. आपल्यासारख्या आडबाजूच्या जिल्ह्याला याचा खरोखर फायदा झाला. पण काउंटरवरची ती पाच मिनिटे गेली. ऑनलाइन पानावर बोर्डाचे नाव असते, फोटो असतो, जुन्या गिऱ्हाइकांचे शेरे असतात. नवी रिव्हिजन आली तरी पान तेच राहते, फोटो जुना राहतो आणि शेरे कोणत्या रिव्हिजनबद्दल आहेत ते कळत नाही.

नेमक्या याच वर्षांत बोर्डांची गुंतागुंत वाढली. २०१७ च्या ऑक्टोबरात इंटेलचे आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आले. सॉकेटचे नाव ११५१ च राहिले, पण जुन्या ११५१ बोर्डांवर ते चालत नव्हते. २०१८ मध्ये एच३१० बोर्ड आले आणि वर्ष संपता संपता त्याच नावापुढे ‘२.०’ किंवा ‘आर२.०’ जोडलेले बोर्ड निघाले. त्यांत एच३१०सी हा वेगळा चिपसेट होता आणि त्यावर विंडोज ७ चालायचे. २०१९ मध्ये एमएसआयने बी४५० बोर्डांना ‘मॅक्स’ हा शब्द जोडला, कारण बायोसची १६ एमबीची चिप नव्या रायझन प्रोसेसरांना अपुरी पडू लागली होती. एक शब्द किंवा एक आकडा, आणि बोर्ड निराळा.

त्या ‘२.०’ ने मला धडा शिकवला. २०१९ च्या पावसाळ्यात मंगरूळपीरकडच्या एका गावातल्या सेवा केंद्राचा बोर्ड उडाला. केंद्र चालवणाऱ्या मुलाचे जुने प्रिंटर आणि बोटाचे ठसे घेणारे यंत्र विंडोज ७ वरच चालत होते. म्हणून मी एच३१० चा ‘२.०’ असलेला बोर्ड ऑनलाइन मागवला. पानावर तसेच लिहिले होते. पार्सल आले, बोर्ड बसवला, डिस्प्लेही आला. विंडोज ७ टाकायला घेतले आणि पहिल्याच पडद्यावर कीबोर्ड चालेना, माउस हलेना. यूएसबीचे पोर्ट विंडोज ७ ला ओळखताच येत नव्हते. मोबाइलच्या उजेडात कोपरा पाहिला. नाव तेच, ‘२.०’ नाही.

तक्रार केली, बोर्ड बदलून आला. तोही तसाच, जुनाच. पैसे परत मिळून योग्य बोर्ड हाती येईपर्यंत तीन आठवडे गेले. ते पीक विम्याचे अर्ज भरण्याचे दिवस होते. केंद्राच्या ओट्यावर सातबारा आणि पासबुक घेऊन बसलेली माणसे उठून पुढच्या गावी जात होती. त्यांचा त्या बोर्डाशी काय संबंध? पण दिवस त्यांचाच बुडत होता. पेटी उघडताच कोपरा न पाहता मी बोर्ड बसवला होता; पहिले काही दिवस तरी माझ्याचमुळे वाया गेले.

त्यानंतर कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूने सरकला. नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू होऊ लागला आणि तीन दिवसांनी ई-कॉमर्सचे नियम आले. विकत घेण्याआधी समजून-उमजून ठरवता यावे यासाठी लागणारी सर्व माहिती विक्रेत्याने द्यायची, आणि जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला नकार द्यायचा नाही, असे ते नियम सांगतात. मदरबोर्डाच्या बाबतीत रिव्हिजन ही अशीच माहिती आहे, असे माझे ठाम मत आहे. विक्रेता दिल्लीचा असला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करूनही सुरुवात करता येते.

हे आज सांगायचे कारण, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. शाळा, दुकाने, सेवा केंद्रे यांतले कितीतरी संगणक आता बदलावे लागतील आणि बोर्ड बहुधा ऑनलाइनच घेतले जातील. मागवण्याआधी विक्रेत्याला पूर्ण नाव आणि रिव्हिजन लेखी विचारा आणि त्याचे उत्तर जपून ठेवा. कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच रिव्हिजनच्या पानावर आपला प्रोसेसर आहे का ते पाहा. पार्सल फोडताना मोबाइलवर चित्रण करा. प्रोसेसर बसवण्याआधी पेटीवरचे स्टिकर आणि बोर्डाचा कोपरा दोन्ही वाचा. जुळत नसेल तर बोर्ड बसवू नका, त्याच दिवशी परत करा. बियाण्याचा टॅग जपणाऱ्या जिल्ह्याला एवढी सवय जड नाही.