आधी खिळा, मग पडदा

जालना एमआयडीसीतील पोलाद कारखाने आणि शहराचा बियाणे उद्योग यांच्याकडे प्राथमिक शाळेच्या विज्ञानाला पुरून उरेल एवढी सामग्री आहे. मात्र तिच्यातील कशाला मुलांनी हात लावायचा आणि काय पडद्यावर पाहायचे, हे ठरवण्याचे काम शिक्षकाचे आहे. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी साधारण सात ते अकरा वर्षांच्या वयाला मूर्त क्रियात्मक अवस्था म्हटले, म्हणजे या वयात मूल तर्क करू लागते, पण तो समोरच्या वस्तूच्या आधाराने. म्हणून या वयात वस्तू आधी यावी आणि तिचे चित्र नंतर.

भंगार उचलणाऱ्या क्रेनच्या विद्युतचुंबकाचे तत्त्व वर्गात एका खिळ्यावर दाखवता येते. मोटार रिवायंडिंगच्या दुकानात मिळणारी, वर लेप असलेली तांब्याची तार खिळ्यावर गुंडाळून तिची टोके सेलला जोडली की टाचण्या चिकटतात. परंतु टोकांवरचा लेप पॉलिश पेपरने खरवडला नसेल तर काहीच घडत नाही, आणि विद्युतरोधक म्हणजे काय हे मुलांना तेथेच समजते. सेल काढल्यावर एखाददुसरी टाचणी लटकत राहते, कारण खिळ्याच्या लोखंडात थोडे चुंबकत्व शिल्लक उरते. पडद्यावरचा खिळा सहसा असा खोडसाळपणा करत नाही, आणि तीच त्याची उणीव आहे.

बियाण्यांचे उदाहरण तर घरचेच आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी जालन्यात स्थापन केली. पेरणीपूर्वी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि काही दिवसांनी कोंब मोजायचे, ही उगवणक्षमतेची चाचणी शेतकरी करतात. सत्तर दाणे उगवले तर बियाणे पेरणीयोग्य मानतात. हीच चाचणी चौथीच्या वर्गात केली तर अंकुरणाबरोबर शेकडेवारीही शिकवून होते.

भट्टीची गोष्ट वेगळी. लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते आणि इंडक्शन भट्टीत वेटोळ्यातील बदलत्या विद्युतप्रवाहामुळे भंगारातच प्रवाह निर्माण होऊन ते तापते. हे ना हाताळता येते, ना डोळ्यांना दिसते. येथे सिम्युलेशन हवे, म्हणजे मुलाने प्रवाह कमीजास्त केला की परिणाम लगेच दाखवणारी संगणकीय प्रतिकृती. अनेक ‘डिजिटल’ वर्गांत दाखवतात ती नुसती चित्रफीत नव्हे. कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पाची अशी सिम्युलेशन्स विनामूल्य आहेत आणि त्यांतील बरीच मराठीतही आहेत. त्याच विद्यापीठातील २००५ च्या अभ्यासात पडद्यावर परिपथ जोडणारे विद्यार्थी पुढे खरे परिपथ जोडण्यातही सरस ठरले. मात्र ते महाविद्यालयीन विद्यार्थी होते, त्यामुळे हा निष्कर्ष आठ वर्षांच्या मुलाला जसाच्या तसा लावणे धाडसाचे ठरेल.

महाराष्ट्रात या विचाराला परंपरा आहे. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून कार्यरत आहे. पुण्यात टेल्कोत ट्रक बनवणारे अभियंता अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले, तेथे त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीचे आकार घडवले आणि पुढे पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत हेच काम वाढवले. जालन्यातील उद्योजकांनी शाळांना आणखी एक मोठा पडदा भेट देण्याआधी खिळे, तार आणि सेल यांची एक पेटी प्रत्येक वर्गाला द्यावी.