आष्टीची बातमी आज कोण देईल?

वर्ध्याला लागून सिंदी (मेघे) आहे, म्हणून आमच्या सिंदीच्या नावामागे '(रेल्वे)' लागलं. मुंबई-हावडा मार्गावरच्या या गावात बाहेरचं बहुतेक सारं रुळांवरून आलं. देशाचं बोलणं तेवढं हवेतून आलं, तेही एकाच बाजूनं.

सुरुवात मात्र तशी नव्हती. 14 जुलै 1942 ला काँग्रेस कार्यकारिणीनं वर्ध्यात 'भारत छोडो'चा ठराव केला आणि महिनाभरानं आपल्याच जिल्ह्यातलं आष्टी पेटलं. चिमूरही पेटलं. तिथल्या सरकारी अत्याचारांबद्दल लिहायची हिंमत वर्तमानपत्रांना होत नव्हती. ती हकीकत सांगितली मुंबईत लपतछपत चालणाऱ्या काँग्रेस रेडिओनं. उषा मेहता आणि त्यांचे सोबती जागा बदलत बोलत राहिले. 12 नोव्हेंबर 1942 ला पोलिसांनी त्यांना पकडलं. बरोबर पाच वर्षांनी, 12 नोव्हेंबर 1947 ला, गांधीजी दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रात गेले आणि कुरुक्षेत्रातल्या निर्वासितांशी बोलले. त्या केंद्रातून ते बोलले ते तेवढंच एकदा.

16 जुलै 1948 ला नागपूर केंद्र सुरू झालं. राजकारण, सीमेवरची लढाई, देवीची लस, शाळेचे पाठ हे सगळं मग नागपुरातून सिंदीत येऊ लागलं. बातम्यांच्या वेळेवर घड्याळं लावली जात. पण रेडिओला प्रश्न विचारायचा तर पोस्टकार्ड टाकून वाट पाहायची. आणीबाणीत तर दिल्लीला जे ऐकवायचं होतं तेच ऐकू आलं. प्रसार भारती कायदा 1990 मध्ये झाला, लागू व्हायला 1997 उजाडलं. स्वायत्ततेच्या गाडीला एवढा उशीर!

1956 मध्ये एक वेगळा प्रयोग झाला, आणि त्याची मला राहूनराहून हळहळ वाटते. युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीनं पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ मंडळं बसवली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग आपसात वाद घालत, शंका लिहून केंद्राकडे पाठवत, आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं मिळत. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी त्याची पाहणी केली. जिथं मंडळ होतं तिथं लोकांची माहिती भरपूर वाढली. जिथं नुसता रेडिओ होता तिथं फारसा फरक पडला नाही. म्हणजे काम केलं ते रेडिओ बंद झाल्यावरच्या भांडणानं. वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. तो मुंबई राज्यात आला त्याच वर्षी, 1 नोव्हेंबरला. प्रयोग तोवर आटोपला होता. आपली गाडी चुकली.

9 फेब्रुवारी 1995 ला सर्वोच्च न्यायालयानं रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचं सांगितलं. निकाल लिहिणाऱ्यांत आपले न्या. पी. बी. सावंत होते. 2006 पासून स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ काढता येतो. म्हसवडचं माणदेशी तरंग त्यातूनच उभं राहिलं. उद्या सिंदीत असा मनोरा उभारला तर दहा-पंधरा किलोमीटरवरची खेडी त्याच्या टप्प्यात येतील. त्यावर कपाशीवरची अळी, बाळंतिणीची काळजी, तान्हा पोळ्याचे नंदी, नगर परिषदेच्या शाळेतली पोरं, सारं चालेल. स्वतः मिळवलेली बातमी आणि चालू घडामोडींवरची चर्चा तेवढी चालणार नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं ऐकवायची मुभा आहे.

म्हणजे बेकायदा रेडिओनं आष्टी देशाला ऐकवली, आणि परवाना काढलेल्या रेडिओला आज तेच करायला बंदी! खासगी एफएमसाठीच्या 2011 च्या नियमांनी पाणी, वीज, हवामान, परीक्षेचे निकाल यांची माहिती 'बातमी नव्हे' ठरवून मोकळी केली. तोच निकष लावला तर उद्या नळाला पाणी नाही, हे खुशाल सांगता येतं. का नाही, कुणामुळं नाही, हे विचारलं की गाडी चालू घडामोडींच्या रुळावर जाते. त्यासाठी सिंदीकर अजून पानठेल्यावर जातात.