लिअरची वाटणी आणि जेकब गॉर्डिन

न्यूयॉर्क शहराच्या लोअर ईस्ट साइड या दाट ज्यू वस्तीत एक हकीकत पुढे कितीतरी वर्षे सांगितली जात असे. ‘यहुदी राजा लिअर’ या नाटकाचा प्रयोग झाला, की दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या लहानसहान पेढ्यांपुढे तरुण मुलामुलींची रांग लागे. मायदेशी राहिलेल्या आईबापांना पैसे पाठविण्यासाठी. हकीकतीत अतिशयोक्ती असेलही. परंतु नाटकाचे यश टाळ्यांऐवजी पेढीवरच्या रांगेने मोजावे असे एखाद्या समाजाला वाटले, एवढेही पुरेसे बोलके आहे. या नाटकाचा कर्ता जेकब गॉर्डिन हा त्या रांगेतल्या मुलांसारखाच नुकता बोटीने आलेला परदेशस्थ होता. नाटककार होण्याचा त्याचा मुळी बेतच नव्हता.

गॉर्डिनचा जन्म 1853 साली युक्रेनमधील मिरगोरोद येथे झाला. गोगोलने आपल्या एका कथासंग्रहाला नाव दिले ते हेच गाव. गॉर्डिनचे शिक्षण घरी झाले. वाचन रशियन, लेखनही रशियन वृत्तपत्रांतून. टॉलस्टॉयच्या विचारांचा पगडा मोठा. 1880 च्या सुमारास येलिसावेतग्राद येथे त्याने एक बंधुसंघ स्थापन केला. ज्यूंनी तालमूदमधील कर्मकांड टाकावे, दलाली आणि सावकारी सोडून नांगर हाती घ्यावा, असा या संघाचा कार्यक्रम होता. 1881 च्या एप्रिलमध्ये त्याच शहरात ज्यूविरोधी दंगल उसळली आणि तिचे लोण दक्षिण रशियाभर पसरले. त्या वेळी गॉर्डिनने जे आवाहन प्रसिद्ध केले, त्यात दंगलीचे खापर ज्यूंच्याच धंद्यांवर फोडले होते. हा केवळ निष्ठुरपणा नव्हता, तर्कदृष्ट्याही तो चुकीचा होता. झारच्या राज्यात ठराविक पट्ट्याबाहेर बहुसंख्य ज्यूंना राहता येत नसे. 1882 च्या नियमांनी तर खेड्यात नव्याने वस्ती करण्याची आणि जमीन घेण्याचीही वाट बंद केली. ज्याला जमीनच मिळू द्यायची नाही, त्याला ‘शेती कर’ म्हणून सांगण्यात काय हशील? सुधारकांची सदिच्छा परिस्थितीचा हिशेब न करता बोलू लागली म्हणजे असे होते.

1891 साली मोठा कुटुंबकबिला घेऊन गॉर्डिन अमेरिकेत आला, तो तेथे शेतकऱ्यांची सामुदायिक वसाहत वसवावी या उद्देशाने. वसाहत काही वसली नाही. पोटासाठी तो यिडिश वृत्तपत्रांत लिहू लागला आणि त्या ओघात जेकब अॅडलर या नटाशी त्याची गाठ पडली.

यिडिश रंगभूमीचे वय तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचे. 1876 साली गोल्डफाडेनने रुमानियात तिची मुहूर्तमेढ रोवली. 1883 मध्ये झारच्या सरकारने यिडिश प्रयोगांवर बंदी घातल्यावर नटमंडळी लंडन, न्यूयॉर्ककडे पांगली. न्यूयॉर्कमध्ये जे चाले ते बहुतेक भपकेदार ऐतिहासिक संगीतक, त्यात जागोजाग गाणी, नाच आणि जर्मनचा मुलामा दिलेली कृत्रिम भाषा. गॉर्डिनचे पहिले नाटक ‘सायबेरिया’ नोव्हेंबर 1891 मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा त्यातली साधी, घरात बोलतात तशी यिडिश ऐकून प्रेक्षक चुळबुळ करू लागले. अखेर अॅडलरला पडद्यापुढे येऊन विनवणी करावी लागली, असे सांगतात. नटांनी पदरची वाक्ये घालू नयेत, यावर मात्र गॉर्डिन अडून बसला.

पुढच्याच वर्षी लिअर आला. विल्ना शहरातील धनाढ्य व्यापारी दाविद मोयशेलेस पुरीम सणाच्या पंक्तीत आपली मालमत्ता तीन मुलींत वाटून टाकतो. धाकटी ती नाकारते, आणि पुढचे सारे ठरलेले. म्हातारा आंधळा होऊन दारोदार भीक मागतो. ‘नटसम्राट’मध्ये वाटणीचा हा प्रसंग पाहून ज्यांचा गळा दाटून आला, त्यांना गॉर्डिनच्या प्रेक्षकांची अवस्था समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की न्यूयॉर्कच्या प्रेक्षागृहातला प्रत्येक जण स्वतःच आईबापांना मागे टाकून आलेला होता. एका प्रयोगात एक प्रेक्षक उठून उभा राहिला आणि ‘या दगडाच्या काळजाच्या मुलीला सोडा, माझ्या घरी जेवायला चला’, असे अॅडलरला ओरडून म्हणाला, ही आख्यायिका त्यातूनच निघाली. शेक्सपिअरचा शेवट मात्र गॉर्डिनने घेतला नाही. वैद्यक शिकलेली धाकटी मुलगी परत येते आणि म्हाताऱ्याला पुन्हा दृष्टी मिळण्याची आशा निर्माण होते. समीक्षकांनी याला भाबडेपणा म्हणावे. दिवसभर कोंदट कारखान्यात शिवणयंत्र चालवून रात्री तिकीट काढणाऱ्याला तो शेवट हवा होता.

आणि पैसे मोजणारा तोच होता. शुक्रवार ते रविवार नाटकमंडळ्या स्वतः तिकिटे विकीत. सोमवार ते गुरुवारचे प्रयोग बहुधा कामगार संघटना किंवा एकाच गावाहून आलेल्यांची मदत मंडळे सवलतीच्या दरात सबंध विकत घेत आणि सभासदांना तिकिटे विकून आजाऱ्यांसाठी, संपासाठी निधी उभा करीत. मराठी रंगभूमीला कंत्राटी प्रयोग परिचित आहेत. येथे कंत्राटदाराच्या जागी संघटना होती. गंभीर नाटकाला आश्रय मिळाला तो या व्यवस्थेमुळे. नाटककाराच्या पदरी मात्र एकरकमी मानधनच पडे. प्रयोग शंभर झाले तरी त्याला त्यात वाटा नसे. गॉर्डिनची सुमारे सत्तर नाटके, त्यांतली कितीतरी इब्सेन, हाउप्टमान यांच्यावरून घाईघाईने बेतलेली, या मोबदल्याच्या पद्धतीशी जोडूनच वाचावी लागतात.

त्याचे सर्वांत धारदार नाटक ‘देव, माणूस आणि सैतान’ हे 1900 सालचे. दुब्रोव्हना गावचा धर्मग्रंथांच्या नकला करणारा पापभीरू लेखनिक सैतानाने विकलेल्या लॉटरीच्या तिकिटावर श्रीमंत होतो आणि प्रार्थनेच्या शाली विणण्याचा कारखाना काढतो. तिथला एक तरुण कामगार यंत्रात सापडून मरतो. रक्ताने माखलेली शाल मालकापुढे येते. दुब्रोव्हनाचे हातमाग खरोखरीच या शालींसाठी प्रसिद्ध होते. पवित्र वस्तूच्या उत्पादनातही मजुराची पिळवणूक थांबत नाही, हे त्याने रंगमंचावर दाखविले, आणि कामगारांनी ते स्वतःच्या तिकिटाच्या पैशांत पाहिले.

अखेरच्या काळात ‘फोरवर्ट्‌स’ या समाजवादी दैनिकाचे संपादक अब्राहम काहान यांनी 1908 मध्ये लेखमाला लिहून त्याची निर्दय चिरफाड केली. उसनवारीचा आक्षेप बराचसा खरा होता. त्यातला दंश मात्र जुन्या भांडणाचा. कर्करोगाने गॉर्डिन 1909 च्या जूनमध्ये ब्रुकलिन येथे वारला, तेव्हा अंत्ययात्रेला हजारो माणसे लोटली.

‘मिरेले एफ्रोस’ हे त्याचे 1898 चे नाटक त्यानंतरही दीर्घकाळ चालत राहिले. ग्रोद्नोची एक करारी विधवा बुडालेला व्यवसाय सावरून मुलांच्या हाती देते आणि सुनेकडून घराबाहेर काढली जाते, अशी त्याची कथा. 1939 साली अमेरिकेत त्याच्यावर चित्रपट निघाला. त्यातले ग्रोद्नो हे खरे शहर. तेथील ज्यू वस्ती पुढल्या चार वर्षांत नाझींनी नाहीशी केली. ज्यांना पैसे पाठवायचे, असे कोणी तेथे उरले नव्हते.