पाऊणपट तिथी, सोळा टनांचा पूल

गणपती बसले की चार-सहा दिवसांत मुंबई महापालिकेचं एक पत्रक वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत येऊन पडतं. विषय ठरलेला : अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची तयारी. आत आकडेच आकडे. 2025 सालच्या पत्रकात सत्तरच्या आसपास नैसर्गिक विसर्जनस्थळं होती, 290च्या घरात कृत्रिम तलाव, दोन हजारांहून अधिक जीवरक्षक, हजारावर स्टीलच्या प्लेट, साठावर जर्मन तराफे. त्याखाली निर्माल्य कलश, निरीक्षण मनोरे, प्रथमोपचार केंद्रं, रुग्णवाहिका, फ्लडलाइट. वाचक मथळ्यावरून नजर फिरवतो आणि मिरवणुकांचे फोटो बघायला पान उलटतो.

पण हे पत्रक हातात धरून गिरगाव चौपाटीवर उभं राहिलं, की त्यातली एकेक ओळ जागच्या जागी दिसू लागते.

स्टीलच्या प्लेटांचंच घ्या. रस्ता संपतो तिथून पाण्यापर्यंतची सगळी वाट भुसभुशीत रेतीची. त्यावरून दहा-पंधरा फुटांच्या मूर्तीची ट्रॉली न्यायची म्हणजे चाकं रुतणारच. एक ट्रॉली रुतली की मागच्या वीस मंडळांची रांग खोळंबते. कार्यकर्ते दोर लावून ओढायला धावतात, चाकाखाली फळ्या सरकवतात, आणि नेमका तिथेच एखाद्याचा पाय सापडतो. म्हणून या जाड प्लेट एकीला एक भिडवून वाळूवर अंथरतात आणि रेतीत तात्पुरता रस्ता तयार होतो. दुपारभर त्यांच्यावरून चाकं आणि पावलं जाऊन वाळू कडेला सरकते, एखाद्या प्लेटचं टोक वर उचललं जातं, आणि पालिकेची माणसं गर्दीला हाताने थोपवत ते पुन्हा बसवतात. ढोल-ताशा चालू असताना खाली वाकून हे काम करणाऱ्यांकडे कुणाचं लक्ष नसतं.

घरगुती गणपतींची तऱ्हा वेगळी. पाटावर दीड फुटाची मूर्ती, बरोबर आजी, सून, दोन मुलं. आरती वाळूवर होते, प्रसाद वाटला जातो, आणि मग कुटुंबातल्या कर्त्या माणसाला आपल्या हाताने बाप्पाला पाण्यात न्यायचं असतं. जीवरक्षक मधे येतात. “काका, बाप्पा आमच्याकडे द्या. तुम्ही इथेच थांबा.” काका दोन पावलं पुढेच. “ताई, मुलाला मागे घ्या.” हा संवाद संध्याकाळभर शेकडो वेळा होतो आणि दर वेळी त्याच सबुरीने करावा लागतो. वर्षभर मूर्ती घडवणाऱ्याची, दहा दिवस पूजा करणाऱ्याची आणि शेवटच्या दहा पावलांसाठी ती दुसऱ्याच्या हाती सोपवणाऱ्याची श्रद्धा एकच असते. जीवरक्षक हे जाणून असतात. मूर्ती हातात घेतल्यावर ते आधी ती कपाळाला लावतात, मग लाटेकडे वळतात. घरच्यांचा हात सुटतो तो बहुधा त्या क्षणी.

दुसऱ्याच्या हाती द्यायचं कारण समुद्रात आहे. अनंत चतुर्दशी म्हणजे पौर्णिमेचा आदला दिवस. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते, समुद्राला उधाण असतं, भरती अधिक चढते आणि ओहोटी अधिक खाली जाते. म्हणजे मुंबईतली सगळ्यात मोठी गर्दी पाण्यात उतरते, तेव्हा पाणी सगळ्यात जास्त हलत असतं. पंचांगानेच ठरवलेली ही गाठ कुठल्याही वर्षी चुकत नाही.

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट. चतुर्दशी म्हणजे चौदा, त्याची पाऊणपट साडेदहा. दिवसाही साडेदहाच्या सुमारास भरती आणि रात्रीही. मधे सहा तासांनी ओहोटी. महापालिकेच्या 2025च्या तक्त्यात 6 सप्टेंबरची, म्हणजे अनंत चतुर्दशीची, सकाळची भरती 11 वाजून 9 मिनिटांनी होती, आणि दुसऱ्या दिवशी पौर्णिमेची 11 वाजून 40 मिनिटांनी, 4.42 मीटरची. पाऊणपटीच्या हिशेबाने पौर्णिमेला सव्वाअकरा येतात. तोंडी हिशेब आणि छापील तक्ता यांत अर्ध्या-पाऊण तासाचाच फरक.

हे आकडे किती महत्त्वाचे, ते त्याच वर्षी साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. लालबागचा राजा शनिवारी सकाळी मंडपातून निघाला. भायखळ्याला अग्निशमन दलाच्या गाड्यांनी भोंगे वाजवून नेहमीची सलामी दिली. नागपाडा, गिरगाव करत रविवारी सकाळी मिरवणूक चौपाटीवर पोचली, तेव्हा भरती चढू लागली होती. विसर्जनासाठी त्या वर्षी नवा, स्वयंचलित तराफा आणला होता. मूर्ती ट्रॉलीवरून तराफ्यावर सरकवायची तर दोन्ही एका पातळीत आणि स्थिर हवेत. पाणी चढत गेलं तसा तराफा हेलकावू लागला आणि ट्रॉली पाण्यात अडकली. कोळी बांधव, कार्यकर्ते, जीवरक्षक सगळे छातीभर पाण्यात उभे होते, पण पाण्यापुढे इलाज नव्हता. ओहोटीची वाट पाहावी लागली. दुपार सरल्यावर मूर्ती तराफ्यावर चढली आणि रात्री नऊच्या सुमारास खोल समुद्रात विसर्जन झालं. मंडपातून निघाल्याला तीस तासांहून अधिक वेळ झाला होता. मूर्ती रखडली याची चर्चा दोन दिवस चालली. इतके लोक इतका वेळ पाण्यात उभे राहूनही कुणाच्या जिवाचं काही वावगं झालं नाही, याची चर्चा त्या मानाने कमी झाली.

पत्रकातली आणखी एक ओळ नवख्या वाचकाला बुचकळ्यात टाकते : पाण्यात उतरताना गमबूट वापरा, उघड्या अंगाने जाऊ नका, पाकट माशापासून सावध राहा. ही ओळ 2013च्या सप्टेंबरने लिहायला लावली. त्या वर्षी दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर साठाहून अधिक जणांना पाकटांनी दंश केला आणि जखमींना रुग्णालयांत न्यावं लागलं. पाकट हा चपटा मासा उथळ पाण्यात वाळूखाली अंग झाकून बसतो. माणूस त्याच्यावर पाय देतो आणि शेपटीचा विषारी काटा घोट्यात घुसतो. कोळी माणूस उथळ पाण्यात पाऊल उचलून टाकत नाही, वाळूत घासत पुढे नेतो, म्हणजे चाहूल लागून मासा आधीच निसटतो. तेव्हापासून जवळजवळ दर वर्षी पालिका ही सूचना काढते. मत्स्यव्यवसाय विभागाने विसर्जनाआधी चौपाटीवर जाळं टाकून पाहिलं, तेव्हा त्यात पाकट आणि जेलीफिश सापडलेही. दंश झालाच तर जखम चोळायची नाही, स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच प्रथमोपचार केंद्र गाठायचं, एवढं साधं सांगणं आहे. ते दंशाच्या आधी माहीत असावं लागतं, एवढंच.

समुद्रापर्यंत पोचण्याआधी पूल लागतात. लालबाग-परळच्या बाजूने येणाऱ्या मंडळांना रेल्वेवरचे जुने पूल ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. करी रोड, चिंचपोकळी, भायखळा, महालक्ष्मी, मरीन लाइन्स अशा धोकादायक पुलांची यादी पालिका दर वर्षी जाहीर करते. करी रोड आणि चिंचपोकळीच्या पुलांबाबत तर वजनाचा आकडाच दिलेला असतो : एका वेळी सोळा टनांपेक्षा जास्त भार नको. पुलावर ध्वनिक्षेपक नको, नाचणं नको, थांबणं नको.

सोळा टन म्हणजे किती, हे मंडळाच्या बैठकीत कुणी कागदावर मांडलं तर डोळे उघडतात. सरासरी साठ किलोचा एक माणूस धरला, तर शंभर माणसांचं वजन सहा टन होतं. मूर्ती, ट्रॉली आणि तिला ओढणारं वाहन यांचं वजन त्यात मिळवलं की ढोलपथक, लेझीम आणि मागून लोटणारे भाविक यांच्यासाठी फारच थोडं उरतं. शिवाय एका तालावर उड्या मारणारी माणसं पुलाला स्थिर उभ्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त हादरे देतात. म्हणून पुलाच्या तोंडाशी पोलीस आणि स्वयंसेवक कडं करतात, ढोल थांबवतात, आधी ट्रॉली पलीकडे काढतात आणि मग माणसं सोडतात. मिरवणुकीचा जोर तुटतो. पथकातली पोरं कुरकुरतात. पूल ओलांडला की पुन्हा पहिला ठोका पडतो.

“थांबणं नको” या दोन शब्दांचं वजन वेगळं आहे. 29 सप्टेंबर 2017ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर पाऊस थांबण्याची वाट पाहत माणसं अडकली. खालून आणखी गाड्यांची गर्दी येत राहिली आणि चेंगराचेंगरीत 23 जणांचा बळी गेला. पूल पडला नव्हता. गर्दी एका अरुंद जागी थबकली होती, एवढंच कारण पुरलं. पुढे 2018च्या जुलैत अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग कोसळला आणि 2019च्या मार्चमध्ये सीएसएमटीजवळचा हिमालय पूल. त्यानंतर शहरातल्या पुलांची तपासणी नव्याने झाली आणि सणासुदीच्या सूचनांतला पुलांचा परिच्छेद लोक जरा गंभीरपणे वाचू लागले.

धोका वरूनही येतो. 2025च्या विसर्जनातच साकीनाक्याला खैरानी रोडवर मिरवणूक चालू असताना मूर्तीचा लटकत्या विजेच्या तारेला स्पर्श झाला. एकाचा मृत्यू झाला, पाचजण जखमी झाले. विसर्जनमार्गांवरच्या झाडांच्या फांद्या छाटणं, तारा पाहणं, खड्डे भरणं ही कामं महिनाभर आधीच सुरू झालेली असतात. विभाग कार्यालयातला अभियंता, पोलीस आणि मंडळाचे कार्यकर्ते एकत्र मार्ग चालून पाहतात, पण मुख्य रस्त्याच्या आतल्या गल्लीतली एखादी तार नजरेतून सुटते. मूर्तीची उंची पाटापासून मोजून चालत नाही. ट्रॉली, चौथरा आणि वरची छत्री धरून रस्त्यापासून मोजावी लागते.

आणि एक धोका हवेतून, मोबाइलवरून येतो. त्याच वर्षी अनंत चतुर्दशीच्या तोंडावर वाहतूक पोलिसांच्या व्हॉट्सअॅप क्रमांकावर धमकी आली : 34 गाड्यांत मानवी बॉम्ब, 400 किलो आरडीएक्स. काही तासांत तो मजकूर घराघरांतल्या गटांवर फिरू लागला. पोलिसांनी बंदोबस्त वाढवला आणि धमकी देणाऱ्याला नोएडातून ताब्यात घेतलं. मिरवणुका ठरल्याप्रमाणे निघाल्या. अटकेची बातमी मात्र धमकीइतक्या वेगाने पुढे पाठवली गेली नाही.

पाण्यावरचा ताण कमी करण्याचा मोठा उपाय म्हणजे कृत्रिम तलाव. 2025मध्ये त्याला न्यायालयाची जोड मिळाली. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या (पीओपी) मूर्तींचं विसर्जन कृत्रिम तलावांतच करण्याचा आदेश दिला. हेतू पर्यावरणाचा होता, फायदा सुरक्षिततेचाही झाला. चाळीच्या कोपऱ्यावरच्या तलावात उधाण नसतं, पाकट नसतात, आजीला पायऱ्या उतरून वाळू तुडवावी लागत नाही. सुरुवातीला नाक मुरडणारी कुटुंबं आता मुद्दाम जवळचा तलाव शोधतात. त्या वर्षी दीड दिवसापासून अनंत चतुर्दशीपर्यंत मुंबईत सुमारे दोन लाख मूर्तींचं विसर्जन झालं. एवढ्या सगळ्यांची वाट चौपाट्यांकडे लागली असती, तर जीवरक्षक कितीही नेमले तरी कमीच पडले असते.

या सगळ्या कारभारात मधली काही वर्षं एक दुवा गळलेला होता. मार्च 2022मध्ये मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि 2025चा गणेशोत्सव प्रशासकाच्या राजवटीतला सलग चौथा ठरला. मंडपासमोरचा दिवा गेला, फांदी खाली आली, गटाराचं झाकण सरकलं, की कार्यकर्ते पूर्वी नगरसेवकाच्या दारात उभे राहायचे. त्या काळात त्यांनी 1916 लावायला शिकून घेतलं. पालिकेच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षाचा हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. पोलीस, अग्निशमन आणि इतर तातडीच्या मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108.

मंडळांना परवानग्या देताना पालिका मंडपाचं मोजमाप, अग्निसुरक्षा आणि वीजजोडणी तपासते. त्यातच आणखी एक कागद जोडायला हरकत नाही. मिरवणूक कुठल्या पुलावरून जाणार, त्या पुलाची भारमर्यादा काय, ट्रॉलीसकट मूर्तीची उंची किती, आणि चौपाटीवर पोचण्याच्या वेळी भरती असेल की ओहोटी. चारही उत्तरं पालिकेच्याच पत्रकात आणि मंडळाच्याच मोजपट्टीवर आहेत. ती मंडपातल्या आरतीच्या फळ्यावर, “आरती सायंकाळी 7 वाजता”च्या खाली, ठळक अक्षरांत लिहावीत. कार्यकर्त्यांनी लिहिली नसतील, तर दर्शनाला गेलेल्याने विचारावं.