जलोदरात ताप नसला, तरी पाणी तपासाच

पनवेल परिसरातल्या रुग्णालयांच्या अपघात विभागात रात्री-बेरात्री अनेकदा दिसणारे हे चित्र आहे. पन्नाशीचा गृहस्थ, हातपाय काटकुळे, डोळे पिवळट आणि पोट मात्र टम्म फुगलेले. ‘यांच्या पोटात पाणी आहे, दोन वर्षं झाली. पण दोन दिवस नुसते झोपून असतात, काहीबाही बोलतात, लघवीही कमी झालीय,’ पत्नी सांगते. ताप नाही, पोटही फारसे दुखत नाही. डॉक्टर पोटातले थोडे पाणी तपासणीसाठी काढायचे म्हणतात आणि मुलाचा चेहरा उतरतो. ‘नको डॉक्टर, काकांच्या पोटाला सुई लावली आणि चार दिवसांत ते गेले.’

ही भीती अनेक घरांत आहे आणि तिचे कारणही समजण्यासारखे आहे. बहुतेक ठिकाणी सुई लावली जाते ती रुग्ण अगदी शेवटाला आल्यावर. मग मृत्यूचा दोष आजाराऐवजी सुईच्या माथी बसतो. प्रत्यक्षात अशा रुग्णाचा जीव जाण्याचे मोठे कारण म्हणजे त्या पाण्यात झालेला आणि वेळेत न ओळखलेला जंतुसंसर्ग.

पाणी साठते कसे?

दारू, हिपॅटायटिस बी व सी, मधुमेह आणि लठ्ठपणासोबत येणारे फॅटी लिव्हर यांमुळे यकृतावर वर्षानुवर्षे व्रण पडत जातात आणि ते कडक होते. हाच लिव्हर सिरॉसिस. आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतला दाब वाढतो, मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात आणि पोटाच्या पोकळीत पाणी उतरू लागते. त्यालाच आपण जलोदर म्हणतो.

या पाण्यात जंतूंशी लढणारी प्रथिने कमी असतात. दुसरीकडे आतड्याची भिंत कमकुवत झालेली असते. त्यामुळे एरवी आतड्यात निमूट राहणारे ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारखे जंतू भिंत ओलांडून रक्तात आणि तिथून पोटातल्या पाण्यात पोहोचतात. आतड्याला छिद्र पडलेले नसते, अपेंडिक्स फुटलेले नसते, तरी पोटात संसर्ग होतो. अमेरिकी डॉक्टर हॅरोल्ड कॉन यांनी 1964 मध्ये वर्णन केलेल्या या आजाराला ‘स्पॉन्टेनियस बॅक्टेरियल पेरिटोनायटिस’ असे नाव आहे. डॉक्टरमंडळी त्याला थोडक्यात एसबीपी म्हणतात.

लक्षणे फसवी असतात

ताप, थंडी, पोटदुखी असेल तर शंका लगेच येते. पण काही रुग्णांत यातले काहीच नसते. फक्त गुंगी येते, बोलण्यात गोंधळ होतो, लघवी कमी होते, जुलाब लागतात किंवा कावीळ वाढते. काहींना तर कसलाच त्रास जाणवत नाही. म्हणूनच जलोदराचा रुग्ण कोणत्याही तातडीच्या कारणाने दाखल झाला, तरी पोटातले पाणी तपासावे, असे वैद्यकशास्त्र सांगते.

तपासणी साधी आहे. सहसा ओटीपोटाच्या डाव्या बाजूला जागा बधिर करून बारीक सुईने थोडेसे पाणी काढतात. या रुग्णांचे रक्त गोठण्याचे रिपोर्ट बिघडलेले असतात, तरीही गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी असते. पाण्यातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी दर घनमिलिमीटरला 250 किंवा त्याहून जास्त असतील, तर एसबीपी समजून उपचार सुरू करतात. त्या मोजायला सूक्ष्मदर्शक आणि जाणकार तंत्रज्ञ पुरतो. थोडे पाणी रुग्णाच्या खाटेपाशीच कल्चरच्या बाटलीत घालतात, म्हणजे जंतू सापडण्याची शक्यता वाढते. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, दाखल झाल्यावर पाणी तपासायला बारा तासांहून जास्त उशीर झालेल्या एसबीपीच्या रुग्णांत रुग्णालयातील मृत्यूचा धोका 2.7 पट आढळला.

उरण, पेण, कर्जत, खालापूरहून येणाऱ्यांचे काही तास रस्त्यातच जातात. पनवेलला पोहोचल्यावर ‘मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नेऊ’ असे ठरले की आणखी काही तास जातात. न्यायला हरकत नाही, पण निघण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: पोटातल्या पाण्याचा नमुना घेतला का? आणि संसर्ग दिसत असेल, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस दिला का?

उपचार आहे

शिरेतून योग्य अँटिबायोटिक पाच ते सात दिवस देतात. त्यासोबत अल्ब्युमिन हे प्रथिन पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी देण्याचा मोठा फायदा होतो. 1999 मध्ये स्पेनमधील डॉक्टरांनी 126 रुग्णांवर हे तपासले. नुसते अँटिबायोटिक मिळालेल्यांपैकी 33 टक्क्यांची मूत्रपिंडे बिघडली, तर अल्ब्युमिनही मिळालेल्यांत हे प्रमाण 10 टक्के होते. रुग्णालयातील मृत्यू 29 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आले. अल्ब्युमिन महाग आहे. म्हणून शासकीय योजनेतून मदत मिळू शकेल का, हे दाखल होतानाच विचारावे.

बरे झाल्यावरही सावध राहावे लागते. प्रतिबंधक औषध न घेतल्यास वर्षभरात दहापैकी सुमारे सात जणांना हा संसर्ग पुन्हा होतो. ते औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्यावे आणि यकृत प्रत्यारोपणाचा विचार करता येईल का, तेही विचारावे.

घरी काय सांभाळावे

दारू पूर्ण बंद. दिवसभराचे मीठ एका सपाट चमच्याच्या आत, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम. सुकट, सुके बोंबील, खारवलेली मासळी, पापड आणि लोणचे यांतले मीठही त्यातच धरावे. सैंधवही मीठच आहे. कालवे, तिसऱ्या पूर्ण शिजवूनच खाव्यात. सांधेदुखी, डोकेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, त्या मूत्रपिंडांना मारक ठरतात. ॲसिडिटीच्या गोळ्याही गरज नसताना चालू ठेवू नयेत. रोज सकाळी वजन करून वहीत लिहावे.

आणि पोटात पाणी असलेला माणूस ‘आज जरा वेगळाच वागतोय’ असे घरच्यांना वाटले, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे आणि डॉक्टर पाणी तपासायचे म्हणाले, तर हो म्हणावे.